दुसऱ्या पाळीचा पेशन्स

१

पेशन्स हा नशिबाचा खेळ आहे असं जो म्हणतो, त्याला तो खेळता येत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. नशीब फक्त पानं वाटून देतं. पुढचं सगळं आपल्याला करायचं असतं. मी गेली एकेचाळीस वर्षं हा खेळ खेळतोय, खऱ्या पत्त्यांनी, टेबलावर पानं मांडून. मोबाईलवर खेळणाऱ्यांना मी खेळाडू धरत नाही. तिथे चाल चुकली की बटण दाबून मागे जाता येतं, आणि मग शहाणपण येणार कुठून?

माझा पेशन्स सात ढिगांचा. उरलेल्या गड्डीतून तीन-तीन पानं उलटायची आणि गड्डी तीनदाच फिरवायची. एकेक पान उलटून तर कुणीही सोडवेल. तीन-तीनच्या खेळात वरचं पान तेवढं घेता येतं, खालची दोन नुसती बघत बसायची. असे दहातले चार डाव मी सोडवतो. नवख्यांना हा आकडा कमी वाटतो. ज्यांना खेळ कळतो ते मात्र तो ऐकून खुर्ची पुढे ओढतात.

मी शिवराम खानविलकर, वय एकोणसत्तर. डोंबिवलीतल्या एका रंगांच्या कारखान्यात चौतीस वर्षं पॅनेल ऑपरेटर होतो, आणि माझ्या पाळीत एकही बॅच बिघडली नाही. राहायला तिथेच निवासी विभागात, तिसऱ्या मजल्यावर. हॉलमध्ये जेवणाचं टेबल, त्याच्या एका टोकाला माझी खुर्ची आणि समोर पत्ते. आतल्या खोलीत कलावतीची खाट. मी ती मुद्दाम अशी लावली आहे की तिला उघड्या दारातून टेबलाचं ते टोक आणि खेळताना माझी पाठ दिसते.

कलावती माझी बायको. गेल्या श्रावणात सकाळी भाजी चिरताना तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, अर्धं-मुर्धं. हात आणि पाय आले नाहीत. आमचा मुलगा संदेश टिटवाळ्याला राहतो, तो म्हणाला बाई ठेवू. मी नाही म्हटलं. चौतीस वर्षं दोनशे अंशांवरची रसायनं सांभाळली, एक बायको सांभाळता येणार नाही? वर्षभरात तिला पायांवर उभी करतो, असं मी त्याला फोनवर सांगून टाकलं. तिची अंघोळ, औषध, व्यायाम सगळं मीच बघू लागलो, आणि अकरा महिने झाले तरी ती उभी राहिली नव्हती. राहायचा प्रयत्नच करत नव्हती म्हणा ना. मी बोट सरळ कर म्हणालो की ती भिंतीकडे बघायची.

२

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच मी ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलवर पेशन्सचा वर्ग घेतो. हसू नका. सुरुवातीला चार जण होते, आता एकवीस येतात, आणि दोघी तर ठाण्याहून येतात. माझ्या खुर्चीमागे उभं राहून मी खेळताना बघायला लोक जागा अडवतात.

मी त्यांना शिकवतो ते असं. सुरुवातीलाच गड्डीवर झडप घालू नका, आधी मांडलेले सातही ढीग वाचा. ज्या ढिगात सगळ्यात जास्त पालथी पानं आहेत तो आधी फोडा. हाताशी राजा नसेल तर ढीग रिकामा करू नका, कारण रिकाम्या जागी फक्त राजाच बसतो. एक्का आणि दुर्री खुशाल वरच्या घरात न्या, जिथे एकेका चिन्हाची पानं राजापर्यंत चढत जातात, पण तिर्रीपासून पुढे विचार करा. वर गेलेलं पान खाली कुणाला आधार देऊ शकत नाही. आणि गड्डी पहिल्यांदा फिरवाल तेव्हा एकही पान घेऊ नका, नुसती पाठ करा.

"पहिल्या फेरीत काहीच नाय घ्यायचं?" पोपटराव दर वेळी विचारतात. ते मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात आयुष्यभर तिन्ही पाळ्यांत राबले, आता डोंबिवलीत मुलीकडे असतात. "एक्का दिसला तरी?"

"एक्का दिसला तरी. एक पान काढलंत की मागचा सगळा क्रम बदलतो."

"आपल्याला नाय जमणार. एवढा धीर असता तर मी साहेब झालो असतो."

सगळे हसतात आणि मी पुढे शिकवतो. या दोन तासांत कलावती घरी एकटी असते. उशाशी पाणी, डाव्या हाताला तिचा मोबाईल, दाराला बाहेरून लॅच. किल्ल्या दोनच, एक माझ्या खिशात आणि एक संदेशकडे. घरात येणार कोण?

३

अधिक महिन्यातला तो मंगळवार होता. दुपारचा डाव अडला होता आणि घड्याळात पावणेतीन वाजले होते. चौथ्या ढिगाची जागा रिकामी होती आणि हाताशी राजे दोन होते. बदामचा राजा गड्डीवर उघडा पडला होता. इस्पिकचा राजा पाचव्या ढिगात तीन पालथ्या पानांवर बसला होता. किलवरची राणी समोरच उघडी होती, लाल राण्या दोन्ही गायब. कुणीही सांगेल की अशा वेळी लाल राजा बसवावा, म्हणजे काळी राणी लगेच त्याच्यावर जाते आणि तिच्याखालचं पान उघडतं. मी तेच ठरवलं. पण उशीर झाला होता, म्हणून आल्यावर चाल करू म्हटलं आणि डाव तसाच ठेवून निघालो.

पाच वाजून वीस मिनिटांनी परत आलो. चौथ्या जागी इस्पिकचा राजा होता. त्याच्यावर चौकटची राणी होती. पाचव्या ढिगात आता दोनच पालथी पानं उरली होती.

मी चप्पल न काढता टेबलापाशी उभा राहिलो. काळ्या राजाखाली चौकटची राणी होती तर. तो राजा हलवला नसता तर ती दिसलीच नसती. मी मनातल्या मनात माझी चाल खेळून पाहिली. काळी राणी लाल राजावर, तिच्याखालचं पालथं पान उचकून पाहिलं तर किलवरची पंजी, आणि पुढे रस्ता बंद. म्हणजे मी हरणार होतो. ज्याने कुणी ही चाल केली होती, त्याला ते माझ्याआधी कळलं होतं.

"कलावती, कुणी आलं होतं?"

तिने मान वळवली. "तुम्हीच," ती म्हणाली. मग शब्द गोळा करत, "मघाशी आलात... बसलात. मला पाणी दिलंत."

उशाशी ठेवलेला पेला रिकामा होता, आणि तो तिच्या उजव्या बाजूला, खिडकीच्या कट्ट्यावर होता. तिथे तिचा हात पोचत नाही.

४

माझं डोकं शाबूत आहे. त्या रात्री मी स्वतःच सगळ्या शक्यता तपासल्या. संदेश येऊन गेला असेल. फोन केला तर तो ऑफिसात होता. कलावती उठली असेल. मी तिच्या पायांवर हात फिरवून पाहिला, थंड आणि सैल. मग उरलं एकच, की चाल मीच केली होती आणि विसरलो होतो. एकोणसत्तर वय आहे, होतं माणसाचं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. खेळलेली चाल मी आजवर विसरलेलो नाही.

खरं सांगायचं तर मला भीती कमी आणि राग जास्त आला होता. माझ्या टेबलावर, माझ्या पत्त्यांनी, माझ्याहून चांगली चाल.

शुक्रवारी मी मुद्दाम एक अवघड डाव अर्ध्यावर ठेवला. निघताना हात आपोआप कागदाकडे गेला. आमच्या कारखान्यात पद्धत होती. पाळी संपली तरी पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय पॅनेल सोडायचं नाही. तो आला की काय कुठवर आलंय ते नोंदवहीत लिहायचं, खाली 'चार्ज दिला' लिहून सही करायची, त्याने 'चार्ज घेतला' लिहून सही करायची. त्यानंतर पॅनेल त्याचं. तुम्ही शेजारी उभे असलात आणि त्याची चूक दिसत असली तरी बटणाला बोट लावायचं नाही. हा नियम मी कधी मोडला नाही, आणि ज्यांनी मोडला त्यांना मी माफ केलं नाही.

मी चिठ्ठीवर लिहिलं: 'सहावा ढीग आधी फोडावा. किलवरची तिर्री वर नेऊ नये, चौकटची दुर्री अजून दिसायची आहे. आतल्या खोलीत पेशंट आहे. चार्ज दिला. २.५०.' आणि झोकात सही ठोकली. बघू तरी किती येतं त्याला, असं मनात म्हणत लॅच ओढलं. पेशंटचं वाक्य मी का लिहिलं ते मला आजही सांगता येत नाही. नोंदवहीत काही राहून जाऊ नये, ही सवय.

परत आलो तेव्हा डाव सुटलेला होता. वरच्या चारही घरांवर चार राजे, काठाला काठ जुळवून, मी ठेवतो तसे. चिठ्ठीवर माझ्या सहीखाली लिहिलं होतं: 'चार्ज घेतला. ३.१०.' अक्षर माझं. सही माझी, शेवटच्या अक्षराची शेपूट वर वळवलेली.

५

शनिवारी मिशेल आली. ती वसईची, आमच्याकडे आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला येते. तिने कलावतीच्या उजव्या हातात चेंडू दिला आणि थांबली. कलावतीची बोटं चेंडूभोवती मिटली. फार नाही, पण मिटली.

"काका, हे काय जादू केली तुम्ही?" मिशेल म्हणाली. "मी पहिल्यांदा आलेली तेव्हा ह्या बोटांत काहीच नव्हतं. रोज घेता का एक्सरसाइज?"

"दुपारी घेतात," कलावती म्हणाली. "हळू घेतात. ओरडत नाहीत."

मिशेल माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की दुपारी मी घरात नसतो. सांगितलं नाही. "जमतंय थोडं थोडं," मी म्हणालो, आणि छाती फुगली. अकरा महिन्यांनी कुणी मला शाबासकी देत होतं, ती मी घेतली.

रविवारी संदेशचा फोन आला. "बाबा, परवा दुपारी आईच्या फोनवर बोललो ना आपण, मस्त वाटलं मला. तुम्ही असं किती वर्षांनी बोललात माझ्याशी."

"काय बोललो मी?"

"अरे, विसरलात? तुम्ही सॉरी म्हणालात मला. त्या इंजिनिअरिंगच्या वेळेचं. मी तर स्टेशनवरच उभा राहिलो."

मी कलावतीच्या मोबाईलमध्ये पाहिलं. शुक्रवारी तीन पंचेचाळीसला संदेशचा फोन, अकरा मिनिटं. त्या वेळी मी हॉलवर, एकवीस माणसांसमोर, इस्पिकचा राजा आधी का हलवावा ते समजावत होतो. मंगळवारची ती चाल मी माझी म्हणून सांगितली होती. टाळ्या पडल्या होत्या.

६

पुढचे तीन आठवडे मी चिठ्ठ्या लिहीत राहिलो. प्रत्येक वेळी डाव सुटायचा. मी दर खेपेला तो आणखी अवघड करून ठेवायचो, एकदा तर गड्डी दोनदा फिरवून संपवलेली ठेवली, तरीही सुटला. कलावती आधाराने बसायला लागली. मग पाय खाटेखाली सोडायला लागली. मिशेलने तिचा व्हिडिओ काढून आपल्या सरांना पाठवला आणि मी त्यात मागे ताठ उभा राहिलो.

संध्याकाळी मात्र, मी घरी आल्यावर, ती थकलेली असायची. मी हात हातात घेतला की सोडवून घ्यायची.

वर्ग सुटल्यावर एकदा मी पोपटरावांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "चार्ज दिल्यावर परत कसा घ्यायचा, आठवतं का?"

"आपली पाळी आली की घ्यायचा. त्यात काय?"

"आणि समोरच्याने दिला नाही तर?"

"आमच्याकडे एकाने नव्हता दिला. बॅच चांगली चाललेली, बोलला मी थांबतो, तू जा. मी गेलो घरी." ते हसले. "चांगला चालवत असंल तर आपण कशाला मधे पडायचं खानविलकर?"

एका शुक्रवारी वर्ग अर्ध्यावर सोडून मी चार वाजता घरी आलो. जिना चढताना पायांचा आवाज होऊ दिला नाही. तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर उभा राहिलो आणि कान लावला.

आत पानं पडत होती. पान टेबलावर ठेवताना मी आधी त्याचा कोपरा टेकवतो, मग बोट उचलतो, त्यामुळे दोन बारीक आवाज होतात. तेच दोन आवाज. मग खोकला, माझा, कारखान्याने दिलेला, शेवटी घशात अडकणारा. मग कलावती काहीतरी म्हणाली आणि हसली.

तिचं हसू मी झटक्यानंतर ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे त्याच्याही आधी कित्येक वर्षं ऐकलं नव्हतं.

किल्ली माझ्या हातात होती. मी ती लॅचमध्ये घातली नाही. कारण तुम्हाला हास्यास्पद वाटेल. चिठ्ठीवर मी सही केली होती, पाचपर्यंत चार्ज त्याचा होता, आणि दुसऱ्याच्या पाळीत मी हात घालत नाही. मी पायरीवर बसून राहिलो. बरोबर पाचला आतले आवाज थांबले. मी दार उघडलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. खुर्चीवर हात ठेवला, तर ती गरम होती.

७

त्या रात्री मी पत्ते रबर लावून कपाटात टाकले. मंगळवारी वर्गाला गेलो नाही, शुक्रवारीही नाही. मला ताप आहे म्हणून पोपटरावांना फोनवर सांगितलं. दुपारभर मी खुर्चीवर बसून राहिलो, रिकाम्या टेबलासमोर. माझं घर आहे, माझी बायको आहे, तिला मी उभी करणार आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

पहिल्या दुपारी मी तिचा व्यायाम स्वतः घ्यायला गेलो. हळूच घेतला. आवाज अजिबात चढवला नाही, याची तुम्ही खात्री बाळगा. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, आणि हात काढून घेतला. चौथ्या दिवशी चेंडू तिच्या बोटांतून घरंगळला. पाचव्या दिवशी ती बसेना. शनिवारी मिशेलने दोनदा तपासलं आणि ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली, डॉक्टर लोक वाईट बातमी देताना बोलतात तशी.

शेवटी मराठीत म्हणाली, "तिचं मन मागे जातंय काका. आधी काय करत होता ना तुम्ही, तेच करा. प्लीज."

रविवारी दुपारी कलावतीने मला हाक मारली. मी जवळ गेलो. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. डोळ्यांच्या कडेने पाणी उशीवर उतरत होतं.

"दुपारचे तुम्ही," ती म्हणाली, "कुठे गेलात?"

मी बाहेर येऊन कपाट उघडलं, पत्ते काढले, नीट पिसले, सात ढीग मांडले. हात स्थिर होता, याचा मला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटला. चिठ्ठीवर डावाबद्दल काही लिहिलं नाही. लिहिलं एवढंच: 'पेशंटला वेळ द्यावा. घाई करू नये. चार्ज दिला.' सही केली. लॅच ओढून खाली आलो आणि आवारातल्या बाकावर बसलो.

तेव्हापासून मी रोज जायला लागलो. दुसऱ्या दिवशी कधी परतायचं ते चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात 'पाचला या.' मग 'सातला या.' मग 'जेवून या.' मी पोळी-भाजीच्या दुकानात जेवून साडेनऊला वर यायचो. कलावती झोपलेली असायची, अंगावर चादर नीट ओढलेली, केस विंचरलेले. वेणी घातलेली. मला वेणी घालता येत नाही. मी तिच्या उशाशी बसायचो आणि सकाळी ती जागी व्हायच्या आत चहा ठेवायचो, एवढीच माझी पाळी उरली होती.

८

परवा गुरुवारी चिठ्ठीवर वेळ नव्हती. काहीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या सहीखाली 'चार्ज घेतला' आणि त्याखाली कोरा कागद. मला वाटलं राहून गेलं असेल. काल शुक्रवारी मी वर्ग घेतला, झकास घेतला, सव्वीस जण होते, आणि साडेपाचला घरी आलो.

किल्ली फिरली, पण दार उघडलं नाही. आतून कडी होती. मी बेल वाजवली.

आत खुर्ची सरकली. मग पावलं आली, सावकाश, एक पाय जरा ओढत. ती माझी पावलं नव्हती. जन्मभर ऐकलेली ती पावलं मी तेरा महिन्यांनी ऐकत होतो. कडी निघाली आणि दार वीतभर उघडलं.

कलावती उभी होती. काठी नव्हती, भिंतीचा आधार नव्हता. मोतिया रंगाची साडी, निऱ्या सरळ. कपाळ घामेजलं होतं आणि चेहरा उजळला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. कुरिअरवाल्याकडे बघतात तितक्या सौजन्याने पाहिलं.

"कोण हवंय?" तिने विचारलं. शब्द स्वच्छ होते.

तिच्या खांद्यावरून मला हॉल दिसत होता. टेबलाच्या टोकाशी खुर्ची, खुर्चीवर पाठमोरा माणूस. मी त्याच क्षणी अंगात घातलेला पांढरा बुशशर्ट त्याच्याही अंगात होता, कॉलरच्या आतल्या बाजूला उसवलेला धागा तसाच. मानेवर केसांच्या खाली एक चामखीळ होती. न्हावी मला नेहमी सांगतो की तुमच्या मानेवर चामखीळ आहे, वस्तरा जपून लावतो. मी ती कधीच पाहिली नव्हती. माणसाला आपली मान दिसत नाही. त्याने पान उचललं, कोपरा टेकवला, बोट काढलं.

"कोण आहे गं?" त्याने मान न वळवता विचारलं. आवाजात किती माया होती. असा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

मला ओरडता आलं असतं. दार ढकलून आत जाता आलं असतं, माझं घर आहे. तो वळला असता, किंवा खुर्ची रिकामी झाली असती, आणि ही बाई इथेच उंबऱ्यावर कोसळून पुन्हा खाटेला लागली असती. मागच्या वेळी पाच दिवस लागले होते. मी तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले होते, मिशेल सांगते तसे, वजन दोन्हीकडे सारखं. वर्षभरात उभी करतो असं मी म्हणालो होतो, एक महिना जास्त लागला. मला अभिमान वाटला.

"काही नाही," मी म्हणालो. "मजला चुकला."

"असू दे, होतं असं," ती म्हणाली. "जिना जपून उतरा, खालचा दिवा गेलाय."

आणि तिने दार लावून घेतलं, उजव्या हाताने.